आपण काय, इथंच असतो

बाहेरगावचे पाहुणे आमच्याकडे येतात आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतात, "मग, वेरूळ कधी दाखवताय?" मी त्यांना बसच्या वेळा सांगते. पाण्याच्या बाटल्या भरून देते, उन्हात डोक्याला बांधायला रुमाल देते आणि दारातूनच हात हलवते. सोबत जात नाही. नवरा ओशाळतो, सून गालातल्या गालात हसते, आणि नात्यात मी खडूस म्हणून प्रसिद्ध आहे. असू दे. साठीला टेकलेल्या बाईला इतकी मुभा असायला हरकत नाही. यामागचं खरं कारण मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ते सांगायचं तर मला त्या एका दिवसाबद्दल लिहावं लागेल, आणि तो दिवस आठवला की अजूनही माझ्या कानशिलांत ठणका उठतो. लिहूनच टाकते आता.

तेव्हा उस्मानपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. आण्णा एका सरकारी खात्यात कारकून होते, आई घरी असायची आणि मी नववीत होते. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं, रस्ते रिकामे होते आणि पाहुणे मात्र आजच्यापेक्षा जास्त होते. ज्याच्या गावाजवळ लेणी, त्याला नातेवाईक फार. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी लागली, की नांदेडची आत्या, परभणीचे मावसकाका, कुणाचे व्याही, व्याह्यांचे शेजारी असे सगळे ट्रंका घेऊन उतरायचे. मग आण्णा रजा टाकून त्यांना फिरवायचे. पहिल्या दिवशी मकबरा आणि पाणचक्की, दुसऱ्या दिवशी दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ. क्रम ठरलेला, बोलणं ठरलेलं, कोणत्या पायरीवर थांबून घाम पुसायचा तेही ठरलेलं. ऑफिसात साहेबांपुढं मान खाली घालून उभे राहणारे आण्णा लेण्यात शिरले की कलेक्टरसारखे चालायचे.

आई कधीच जायची नाही. फिरून आलेल्यांना भूक लागते आणि ती भागवायला कुणीतरी घरी लागतं, इतका सरळ हिशेब होता तो. ती पहाटे स्टो पेटवायची. त्याची भरभर आणि पाट्यावरवंट्याची घसघस यांनीच मला जाग यायची. धपाट्यांचा डबा भरून सगळ्यांना वाटेला लावलं की ती पुरणाची डाळ निवडायला बसायची. संध्याकाळी लोक धुळीनं पांढरे झालेले पाय घेऊन यायचे, त्यांच्या पायांवर ती पाणी ओतायची आणि हळूच विचारायची, "हत्ती कसे हायेत?" तिचं माहेर सिल्लोडकडचं. शाळा चौथीपर्यंत झालेली. त्या चौथीच्या पुस्तकात कैलास लेण्याच्या अंगणातल्या दगडी हत्तीचं चित्र होतं, आणि लग्न होऊन या शहरात येताना आता आपण हत्ती बघणार, इतकंच तिच्या मनात होतं म्हणे. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. तीस किलोमीटरवर असलेला तो हत्ती तिनं पाहिला नव्हता. विषय निघालाच तर आण्णा म्हणायचे, "अगं, आपण काय, इथंच असतो. कधीबी जाता येतंय." मी मात्र नऊ वेळा गेले होते. लहान पोर कुणाच्याही मांडीवर मावतं, त्यामुळे प्रत्येक खेपेला मी होतेच. याचा मला कधी विचारही करावासा वाटला नव्हता.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर नांदेडची आत्या येणार होती. आण्णांनी दोन दिवसांची रजा घेतली. आईनं पहाटे उठून धपाटे थापले, शेंगदाण्याची चटणी कुटली, दह्याचा डबा फडक्यात बांधला. आणि सात वाजता घरमालकांच्या फोनवर निरोप आला की आत्याच्या सासऱ्यांना ताप भरलाय, येणं रद्द. आण्णा खुर्चीत बसून राहिले. त्यांना त्या वेळी दुसरीही चिंता होती. बदल्यांची यादी निघायची होती, त्यात आपलं नाव आहे आणि गाव नांदेडच्याही पलीकडचं किनवट आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं. रजा फुकट गेली म्हणून ते चुकचुकत होते, आणि तेवढ्यात आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"डबा भरलाय. रजा हाय. मंग आपणच जाऊ की."

"कुठं?"

"येरुळला. आज आपणच पाव्हणे."

आण्णांना हसू आलं. आईनं कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून त्यांना नाही म्हणायची सवयच नव्हती. ते हसताहेत हे बघून ती पुढं सरसावली. "आन् संध्याकाळी सैपाक नाय. गुलमंडीवरच्या हाटेलात डोसा खाऊ. तव्यावरून उतरला की सरळ माझ्या ताटात." शेवटचं वाक्य ती थोडं थांबून बोलली. घरात तिच्या ताटात आजवर जे पडलं ते शेवटचं आणि गार झालेलं होतं, हे आज मी लिहू शकते. तेव्हा मी फक्त "डोसा! डोसा!" करत उड्या मारल्या. तिनं मामानं भाऊबीजेला दिलेली जांभळ्या काठाची पोपटी साडी नेसली, घराला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि आम्ही निघालो.

दौलताबादच्या किल्ल्यावरची आई मी पुन्हा कधी पाहिली नाही. साडी हातभर वर खोचून ती आमच्या पुढं चालत होती. आण्णांनी आपलं ठरलेलं बोलणं सुरू केलं, चांद मिनार, मेंढा तोफ, खंदक. पण आई असे प्रश्न विचारत होती, जे आजवर एकाही पाहुण्यानं विचारले नव्हते. खंदकाच्या कठड्यावर वाकून ती म्हणाली, "अहो, वर राहणाऱ्या बायका पाणी कुठून आणायच्या? एवढं चढून?" आण्णांच्या बोलण्यात हे नव्हतं. ते म्हणाले, "राजेमहाराजे होते, त्यांचं काय अडतंय." आई म्हणाली, "राजाचं नाय विचारलं मी." मग आम्ही त्या अंधाऱ्या भुयारात शिरलो. वटवाघळांचा उग्र वास, पुढं मशाल धरलेला माणूस, पायाखाली न दिसणाऱ्या पायऱ्या. एकदम कशाला तरी घाबरून आईनं माझा दंड पकडला, आणि मग स्वतःच्याच घाबरण्याचं तिला हसू आलं. मोठ्यानं, खदखदून हसली ती. घरात ती पदर तोंडाला लावून हसायची. तो हसण्याचा आवाज त्या भुयारात पुढं जाऊन परत आला, तेव्हा आण्णासुद्धा हसले. मला वाटतं, ते दोघं एकत्र हसताना मी ऐकलेलं ते तेवढंच.

बाराच्या सुमाराला खाली उतरून आम्ही झाडाखाली डबा सोडला. आजूबाजूला सीताफळांच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. आईनं आण्णांना वाढलं, मला वाढलं, आणि स्वतःसाठी धपाटं हातात घेतलं तेवढ्यात एक पांढरी सरकारी गाडी धूळ उडवत आली. आण्णा ताडकन उठून उभे राहिले. हात खरकटा होता तो त्यांनी पाठीमागं लपवला. गाडीतून खात्याचे मोठे साहेब उतरले, त्यांच्या मागून त्यांची बायको आणि पाचसहा वर्षांचा मुलगा.

"अरे, तुम्ही इथं?" साहेब म्हणाले. "बरं झालं भेटलात. तुम्ही लेणी फार छान दाखवता असं ऑफिसात ऐकलंय."

"व्हय साहेब, म्हणजे हो साहेब, दाखवतो ना!"

पोराला भूक लागली होती. त्यानं सरळ आमच्या डब्याकडं बोट दाखवलं. आईनं हातातलं धपाटं त्याला दिलं. मग बाईसाहेबांनी "नुसती चव बघते हं" म्हणत एक घेतलं, साहेबांनी उभ्याउभ्या दोन खाल्ली. बाईसाहेब म्हणाल्या, "वहिनी, काय हात आहे हो तुमचा! नाहीतर आम्ही सर्किट हाउसचं खातोय, सगळं पाणचट." त्या चांगल्या बाई होत्या, मुद्दाम वाईट असं काही त्या बोलल्या नाहीत. आणि आण्णांनी, त्यांना कुणी विचारलेलं नसताना, तोंड उघडलं.

"मग संध्याकाळी आमच्याकडंच या ना साहेब जेवायला. हिच्या हातच्या पुरणपोळ्या खाऊन बघा. येसराची आमटी अशी करते, की बास!"

मी आईकडं पाहिलं. ती रिकाम्या डब्याच्या कडेची चटणी बोटानं गोळा करत होती. बोट तिथंच थांबलं.

साहेब "कशाला त्रास" म्हणाले, बाईसाहेब "त्यांनाही सुट्टी आहे ना" म्हणाल्या, आणि आण्णा "त्रास कसला, हिला आवडतंच" म्हणाले. दोन मिनिटांत ठरलंही. आण्णांनी आईला झाडाच्या पलीकडं नेलं. त्यांचा आवाज खाली होता, पण मी तिथंच डबे आवरत होते.

"पुरणाला वेळ लागतो. तू आत्ताच्या बसनं हो पुढं. मी ह्यांना लेणी दाखवून घेऊन येतो."

"आन् येरूळ?"

"अगं, यादी निघायचीय. समजून घे. एका शब्दानं काम व्हईल." मग ते वाक्य आलंच. "आपण काय, इथंच असतो. पुढल्या रविवारी जाऊ."

आण्णांना भीती होती. किनवटची होती, दोन घरं चालवायची होती, माझ्या शाळेची होती. हे सगळं मला कळतं. कळलं म्हणून राग कमी होतो असं म्हणणाऱ्यांना बहुधा कधी खरा राग आलेला नसतो.

पण त्यांच्यावरचा राग हा अर्धाच. उरलेला माझ्या वाटणीचा आहे. आण्णा मला म्हणाले, "तू पण जा आईसंगं, हाताखाली." त्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, तिला येऊ द्या की, आमच्या पिंटूला सोबत होईल." गाडीची काच खाली घेता यायची. आत पांढरी अभ्रं घातलेल्या गाद्या होत्या. वर्गात सांगायला झालं असतं. नऊ वेळा पाहिलेलं लेणं दहाव्यांदा बघायचं की आईबरोबर बसमध्ये बसायचं, की मग आणखी एक गोष्ट करायची, म्हणजे "आई तुमच्याबरोबर येईल, डाळ मी शिजवते" असं म्हणायचं. मला पुरण येत होतं. चांगलं येत होतं. ते वाक्य माझ्या डोक्यात आलं होतं हे मी शपथेवर सांगते, आणि मी ते बोलले नाही. आईनंच माझी सुटका केली. "जाऊ द्या तिला," ती म्हणाली.

आण्णांनी तिला शहराकडं जाणाऱ्या बसमध्ये बसवलं. कंडक्टरला बजावलं, "बाई एकल्या हायेत, स्टँडवर नीट उतरवा." तिच्या शेजारी एक म्हातारी सीताफळवाली टोपलं मांडीवर घेऊन बसली होती. आईनं खिडकीतून मान बाहेर काढली. मला वाटलं आता ही रडणार. ती म्हणाली, "सुमे, ऊन लई हाय. डोक्याला रुमाल बांध." बस निघाली आणि मी पळत जाऊन गाडीत खिडकीशी बसले.

कैलास लेण्यात त्या दिवशी आण्णा रंगात आले होते. आधी कळस कोरला मग पाया, किती पिढ्या लागल्या, इथं बघा, तिथं बघा. साहेब माना डोलावत होते. पिंटूला मी कडेवर घेतलं होतं. बाईसाहेबांना माझं बोलणं गोड वाटत होतं, त्यामुळे मला चेव आला होता. हसवण्याच्या भरात मी म्हणाले, "आमची आई ना, किल्ल्यावर विचारत होती, राणीसाहेब पाणी भरायला कुठं जायच्या!" आणि आईचा आवाज काढून, पदर खोचल्यासारखं करून, घागर डोक्यावर घेतल्याचं नाटक केलं. सगळे हसले. बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. साहेब म्हणाले, "व्हेरी गुड, व्हेरी गुड." आण्णाही हसले. त्याच हसण्यात साहेबांनी आम्हाला अंगणातल्या हत्तीपुढं उभं केलं आणि फोटो काढला. सोंड तुटलेला तो हत्ती, बाजूला हात जोडल्यासारखे उभे असलेले आण्णा आणि बत्तीस दात दाखवणारी मी.

उन्हं उतरता उतरता आम्ही उस्मानपुऱ्यात पोचलो. वाटेत आण्णांनी पोळ्यांवर किती तूप असतं याचं वर्णन केलं होतं. पिंटूला मी सांगितलं होतं की आमटीचा वास कोपऱ्यापासून येतो. कोपरा आला. वास आला नाही. घराला कुलूप होतं, सकाळी आईनं लावलेलं तसंच. घरमालकीण बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी? त्या तर सकाळी तुमच्यासंगच गेल्या ना? नंतर नाय आल्या." आण्णा ते कुलूप ओढून बघत राहिले, एकदा, दोनदा. साहेबांनी समजूतदारपणे खांद्यावर हात ठेवला. "बस बंद पडली असेल. काळजी करू नका. आम्ही गुलमंडीवर काहीतरी खाऊन घेतो." बाईसाहेब पिंटूला म्हणाल्या, "चल, तुला डोसा देते." गाडी वळून गेली. आम्ही दोघं पायरीवर बसलो. आण्णांना आधी आईची काळजी वाटली की आधी लाज वाटली, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखू शकले नाही. माझं मला माहीत आहे. मला फक्त लाज वाटत होती.

दिवेलागणीला आई आली. चालत आली. केस विस्कटलेले, हातात पदराच्या गाठोड्यात चार सीताफळं, आणि चपला धुळीनं पांढऱ्या. आण्णा अंगणातच ओरडले. असं ओरडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या खिडक्या उघडल्या.

"बारा वाजता बसमधी बसवलं तुला मी! कुठं होतीस?"

"बस चुकली."

"बसलेली बस चुकती व्हय कधी? माझ्या नोकरीवर उठलीस तू! साहेब दारातून उपाशी गेला!"

"चुकली," ती पुन्हा म्हणाली, कनवटीची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

आणि मी, चौदा वर्षांची, गाडीतून फिरून आलेली, तिच्या मागं घरात शिरून म्हणाले, "आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. तुला काम तरी काय होतं? घरीच तर बसायचं होतं!" आईनं माझ्याकडं पाहिलं. मोरीवर जाऊन तिनं पायांवर पाणी ओतून घेतलं. स्टो पेटवला. खिचडी टाकली. ती खिचडी तिघांनी तीन कोपऱ्यांत बसून खाल्ली आणि डोशाचा विषय कुणी काढला नाही.

महिन्याभरानं यादी लागली, त्यात आण्णांचं नाव होतं. साहेबांनी मनात धरलं होतं, असं मला आज वाटत नाही. त्यांनी तर तो फोटो मोठा करून टपालानं पाठवला होता, मागं "सप्रेम" लिहून. पण आण्णांनी त्या कुलपालाच दोष दिला. तीन वर्षं ते किनवटला एकटे राहिले, खानावळीचं खाऊन पोट बिघडवून घेतलं, आणि सुट्टीवर आले की कशावरूनही म्हणायचे, "एक कुलूप काय लावलं, संसाराचे दोन तुकडे झाले." आई उत्तर द्यायची नाही. मीही आण्णांच्या बाजूनं होते. बापाविना गेलेली ती वर्षं मी आईच्या खात्यावर मांडली होती, आणि ती कुठं होती हे तिला एकदाही सरळपणे विचारलं नाही. फोटो मात्र आण्णांनी काच लावून बाहेरच्या खोलीत टांगला. साहेबांनी काढलेला होता ना!

आण्णा गेल्यावरची गोष्ट. मी चाळिशी ओलांडली होती, दिवाळीच्या आधी आईकडे साफसफाईला गेले होते. आई स्टुलावर चढून फोटो पुसत होती. दरवर्षी पुसायची. त्या दिवशी फडकं काचेवर फिरवता फिरवता ती म्हणाली, "हा फोटू काढला तवा मी ह्या हत्तीच्या मागं हुते."

मी म्हणाले, "कोणत्या हत्तीच्या?"

"ह्याच की. फोटूत हत्ती आला. मी नाय आले."

मी तिला स्टुलावरून खाली उतरवलं. तिनं सांगितलं ते अगदी साधं होतं. बसमध्ये शेजारच्या सीताफळवालीनं तिला रडताना पाहिलं आणि काय झालं ते विचारलं. आईनं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मेरे कू बी ऐसाच बोलते थे मा, कल जायेंगे, परसों जायेंगे. बाल सफेद हो गये. उतर जाव. जाको देखको आव." पुढच्या फाट्यावर आई उतरली, उलट दिशेची बस पकडली आणि एकटी वेरूळला आली. म्हातारीनं दिलेली चार सीताफळं हातात होती. त्यातलं एकही तिनं खाल्लं नाही, घरी न्यायची म्हणून. दिवसभर तिच्या पोटात बोटभर चटणीच गेली होती.

"तुम्ही माझ्यासमोरून गेलात," ती म्हणाली. "दहा हातावरनं."

"मग हाक का नाही मारलीस?"

"हाक मारली असती तर पुरण शिजवाया जावं लागलं असतं." ती हसली, पदर तोंडाला लावून.

विचारायचं नव्हतं तेच मी विचारलं. "मी बोलत होते ते ऐकू आलं तुला?"

"आलं की. आवाज लई घुमतो तिथं." फडकं झटकत ती म्हणाली, "तू लई हसत हुतीस. म्हनलं, हसू द्यावं. पन सुमे, तुम्ही समदे हसलात, त्या बायका पाणी कुठून आणायच्या ते कुणीच नाय सांगितलं."

मला रडायला हवं होतं. मला राग आला. आण्णा गेले होते, साहेब कुठं असतील कुणास ठाऊक, तो राग घेऊन जायचं कुणाकडं? समोर काचेत मी होते, बत्तीस दात काढून. मी तिच्यावरच खेकसले, "इतकी वर्षं बोलली का नाहीस? निदान हत्ती तरी नीट बघितलास ना?"

"कुठलं नीट? तुम्ही इकडं आलात की मी तिकडं. सारा वेळ लपन्यातच गेला. पाठ तेवढी बघितली हत्तीची. अर्धं लेणं राहिलं ते राहिलंच."

मी म्हणाले, "उद्या जाऊ. सकाळीच गाडी सांगते. आपण दोघीच. तू म्हणशील तितका वेळ बसू हत्तीसमोर, येताना डोसा खाऊ." मी इतकं घाईघाईनं बोलत होते की शब्दांत शब्द अडकत होते. आईनं गुडघ्यावर हात ठेवून उठायचा प्रयत्न केला, एकदा जमलं नाही, दुसऱ्यांदा मी हात दिला. फोटो तिनं खिळ्याला लावला, तिरका झाला होता तो सरळ केला.

"बघू," ती म्हणाली. "दिवाळी होऊ दे. आपण काय, इथंच असतो."

दिवाळी झाली. मग माझ्या मुलाची परीक्षा, मग उन्हाळा, मग तिचे गुडघे. डोसा मात्र मी तिला पुष्कळदा खाऊ घातला. तव्यावरून उतरलेला पहिला तिच्याच ताटात पडेल असं बघायचे. ती त्याचा पहिला तुकडा मोडायची आणि माझ्या ताटात ठेवायची, आणि मी दरवेळी चिडायचे. पुढच्या श्रावणात ती गेली. तो फोटो आता माझ्या घरात आहे. वेरूळ मी दहा वेळा पाहिलं आहे. अकरावी वेळ तिची होती.